ट्राम थांबू नये म्हणून

ट्रामची घंटा पहिल्यांदा वाजली, तेव्हा गास्पार कॉफीत साखर ढवळत होता. दुसऱ्यांदा वाजली तेव्हा त्याच्या कपाळावर आठी पडली. मग ती थांबेचना आणि कॅफे हळूहळू रिकामा झाला. लिस्बनमध्ये अशा घंटेचा अर्थ एकच. कुण्या शहाण्याने रुळांना खेटून मोटार लावलेली असते आणि त्याला शोधून काढणे हाच मग साऱ्या गल्लीचा उद्योग होऊन बसतो.

गास्पारही बाहेर आला. फिगेइराच्या चढणीवर पिवळी ट्राम अडून उभी होती. तिच्यापुढे एक करडी मोटार होती आणि मोटारीचे नाक चार बोटे ट्रामच्या वाटेत आले होते. ती मोटार त्याला ओळखीची वाटली. मग फारच ओळखीची वाटली.

‘माझी आहे’ एवढेच म्हणायचे होते. पण असे शब्द उच्चारण्याचा एक क्षण असतो, आणि लाजऱ्या माणसाला तो नेहमी पाठमोराच दिसतो.

“असल्या माणसाला नदीत बुडवायला हवं!” पहिल्या मजल्याच्या खिडकीत उशीवर कोपरे टेकून बसलेल्या दोना अर्मिंदा गरजल्या.

“खरंय,” गास्पार पुटपुटला.

ट्रामची चालिका खाली उतरली आणि बाह्या सरसावू लागली. जकरांदाचे एक जांभळे फूल तिच्या केसांत अडकले होते, आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता.

“मालक काही सापडत नाही. चला, उचलूनच बाजूला करू. अहो निळा सदरा, नुसते बघताय काय? मागची बाजू धरा!”

निळा सदरा म्हणजे तोच. पाच प्रवाशांच्या जोडीने गास्पार स्वतःचीच मोटार उचलू लागला. एक... दोन... तीन! त्याच्या खिशातली किल्ली मोटारीवर दाबली गेली आणि त्या मुक्या प्राण्याने दोन्ही डोळे मिचकावून, टुकटुक करून, धन्याला ओळख दिली.

सगळ्यांनी मोटार खाली ठेवली.

“मोटार गुणाची आहे हं,” चालिका म्हणाली. “मालकापेक्षा बरी. करता काय आपण?”

“महापालिकेत... वाहतूक खात्यात असतो.”

“तिथे काय करता?”

“ट्राम... अडू नये... हे बघतो.”

दोना अर्मिंदा इतक्या हसल्या की त्यांची उशी खाली पडली.

चालिकेचे नाव बेनेदिता. ते त्याला दुसऱ्या दिवशी कळले, कारण त्याचे काम त्याच चढणीवर होते. मध्यावर रस्ता गळ्यासारखा अरुंद होई, आणि त्यातून एका वेळी एकच वाहन जाऊ शके. वर चढणारी ट्राम आणि उतरणाऱ्या मोटारी तिथे समोरासमोर येत, आणि मग मागे कुणी सरायचे यावर मोठी चर्चा चाले. गास्पार रुळांत एक यंत्र बसवणार होता. ट्रामची चाहूल लागताच ते वरच्या मोटारींना लाल दिवा दाखवील आणि ट्रामला हिरवा. ते चालते की नाही याचा निकाल शुक्रवारी लागायचा होता. जमले नाही, तर या चढणीवरची ट्राम बंद होणार होती.

“मग मला नदीपलीकडे बस चालवायला धाडतील,” बेनेदिता म्हणाली. “बसला घंटा नसते हो, इंजिनियरसाहेब. मी कुणावर चिडले, हे जगाला कळणार कसं?”

सुरुवातीचे दिवस दिवा काही ऐकेना. तो ट्रामलाही लालच दाखवी, आणि ट्राम नेमकी दिव्याच्या पेटीशी बसलेल्या गास्पारसमोर येऊन उभी राही. चालिकेच्या खिडकीची काच खाली सरके.

“काय, आज मोटार कुणाच्या वाटेत लावलीत?”

“घरी ठेवली. मी... मेट्रोनं आलो.”

“मेट्रोनं! दोना अर्मिंदा, ऐकलंत का? ट्रामचा डॉक्टर मेट्रोनं येतो!”

“बघतेय मी,” वरून आवाज येई. “आणि कान केवढे लाल झालेत तेही बघतेय!”

तो मान खाली घालून तारा चाचपत राही. कोळशावर भाजणाऱ्या तारली माशांचा वास चढणीवरून येई, वाऱ्याने जांभळी फुले रुळांवर उतरत... आणि दिवा लालच राही. इतका सुंदर बिघाड गास्पारने आजवर पाहिला नव्हता.

बुधवारी संध्याकाळी त्याला दोष सापडला. यंत्र दिव्याच्या फार जवळ बसले होते, म्हणून त्याला ट्रामची चाहूल उशिरा लागे; ते चढणीच्या पुष्कळ खाली हवे होते. हातातला पाना तसाच धरून तो पायरीवर बसला.

“सापडलं वाटतं?” दोना अर्मिंदांनी विचारले.

“हो.”

“मग तोंड असं का, पोरा?”

“दुरुस्त केलं की... ट्राम इथं थांबणार नाही.”

“आणि नाही केलंस तर?”

“तर ती इथं येणारच नाही.”

“मग कर की, गाढवा,” त्या म्हणाल्या; पण हळू म्हणाल्या.

त्याने ते केले.

गुरुवारी ट्राम चढणीवरून पाण्यासारखी सरकत गेली. बेनेदिताची नजर समोर, हात ब्रेकवर. जाता जाता तिने दोन बोटे तेवढी उचलली. मग पुढच्या फेरीला पुन्हा दोन बोटे. स्वतःच्या हाताने एवढे अचूक दुःख उभारणारा माणूस खात्यात दुसरा नसावा, असे गास्पारला वाटले.

शुक्रवारी खात्याचे प्रमुख आले, दुपारपर्यंत पाहत राहिले आणि म्हणाले, “ट्राम राहील.” चढणीने टाळ्या वाजवल्या. बेनेदिताने लांबलचक घंटा दिली, आणि ती हिरव्या दिव्यातून निघून गेली. गास्पारने हत्यारांची पिशवी बांधली. सोमवारपासून त्याला शहराच्या दुसऱ्या टोकाचा चौक होता.

“अरे, ती थांबत नाही म्हणून काय रडतोस?” खिडकी कडाडली. “खाली थांबा आहे! तिकीट काढ आणि चढ! सगळं गाव तसंच जातं!”

हे त्याला सुचलेच नव्हते. तो धावत सुटला.

थांब्यावर परतलेली ट्राम खच्चून भरली होती आणि गर्दीने त्याला पार मागे नेऊन सोडले. पुढे, चालिकेच्या डोक्यावर पितळी पाटी होती : ‘गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये.’ गास्पार महापालिकेचा नोकर होता. पाटी दिसली की ती पाळणे त्याच्या रक्तात होते.

“तुम्ही ते करड्या मोटारवाले ना?” शेजारच्या निवृत्त मास्तरांनी विचारले. “पुढं काही काम होतं?”

“बोलायचं होतं... पण ती पाटी...”

“मग निरोप द्या. पोचवू आम्ही.”

“सांगा की... संध्याकाळी, वेळ असलाच तर... एक कॉफी...”

“संध्याकाळी कॉफीला बोलावतोय,” मास्तरांनी पुढे सांगितले.

“नुसत्या कॉफीवर कोण येतं?” मासळीवाली म्हणाली. “तारल्या सांगा, तारल्या!”

अगदी पुढच्या बाकावरच्या बाईंनी बेनेदिताच्या कानाशी वाकून निरोप पोचता केला : “तो म्हणतो, तुझ्यावाचून त्याला घास गिळवत नाही.”

बेनेदिताचे खांदे हलले. ट्राम गळ्याशी आली. दिवा स्वच्छ हिरवा होता.

आणि ट्राम थांबली.

तिने ब्रेक आवळला आणि ती मागे वळली. “कोण म्हणालं हे?”

सगळी ट्राम गास्पारकडे वळली.

“मी... एवढं नव्हतो म्हणालो.”

“मग केवढं म्हणालात?”

“दिवा हिरवा आहे, बेनेदिता.” तिचे नाव तो पहिल्यांदाच उच्चारत होता.

“दिसतोय. पाटीही वाचता येते मला. गाडी चालू असताना बोलू नये. आता चालू नाहीये. बोला.”

मागून भोंगे वाजू लागले, वरूनही वाजू लागले.

“कोण गाढव रस्ता अडवून उभं आहे?” खिडकी ओरडली.

“तुमचेच इंजिनियरसाहेब!” ट्रामने एका सुरात कळवले.

गास्पारने डोळे मिटले. “दोन दिवस तुम्ही न थांबता जाताय,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज शेवटच्या बाकापासून थेट पुढच्या काचेपर्यंत गेला, “आणि मला... ते सहन होत नाही. मला तुम्ही फार आवडता.”

दिवा पिवळा झाला, मग लाल.

“सहाला सुटते मी,” बेनेदिता म्हणाली. “तारल्या खाऊ. कॉफी नंतर.” तिने समोर पाहिले. “आणि हा आता पुन्हा हिरवा कधी होणार?”

“खालून पुढची ट्राम आली की.”

“म्हणजे?”

“म्हणजे... तोवर थांबावं लागेल.”

बेनेदिताने ब्रेकवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

“मग पुढं या ना,” ती म्हणाली. आणि मुंगी शिरायला जागा नव्हती त्या ट्राममध्ये लोक अंग चोरून उभे राहिले, आणि गास्पारसाठी सरळ वाट झाली.