लाईट गेली की उगवणारं आकाश

"सलमान घरात आला की बाबांचं आकाश चालतं, गेला की बंद पडतं," दमयंती म्हणाली. "दादा म्हणतो, यानंच आत कुलूप घातलंय. संध्याकाळी पोलिसांत जाणार आहे तो. अहो, बाबांनी त्याला पोटच्या पोरासारखं शिकवलं! एकदा नाव गेलं की पुणतांब्यात त्याच्या दुकानात कोण पाय ठेवेल?"

नगरहून आलेली खाजगी गुप्तहेर मनवा चहा घेत ऐकत होती. सोबतीला आबासाहेब, निवृत्त हवालदार. माणूस देवासारखा, पण डोकं पॅसेंजर गाडीचं.

दमयंतीचे वडील नृसिंह सर गावात विज्ञान शिकवायचे. नव्वदच्या दशकात त्यांनी पास्कल भाषेत एक प्रोग्रॅम लिहिला होता. तारीख टाका, त्या संध्याकाळचं गोदाकाठचं आकाश पडद्यावर उगवणार! सर गेल्यावर सलमाननं तो दमयंतीच्या कोऱ्या लॅपटॉपवर घातला. आजच्या यंत्रावर असलं जुनं काही थेट चालत नाही, म्हणून जुन्या कॉम्प्युटरचं सोंग घेणारा डॉसबॉक्स नावाचा प्रोग्रॅमही त्यानं सोबत दिला. पण आकाश सुरू करावं, तर काळी खिडकी उघडायची आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत मिटायची.

"कुलूपच ते!" थोरला सुहास कडाडला. "किल्ली त्याच्या मोबाईलमध्ये असणार. उद्या म्हणेल, आकाश माझंच."

"तो नसताना कधीच चाललं नाही?" मनवानं विचारलं.

"कधीच नाही. रोज पंख्याखाली बसून बघतो मी."

मनवा दमयंतीकडे वळली. "आणि चाललं तेव्हा तुम्ही काय करत होतात?"

"काय करणार? उकाड्यानं जीव चाललेला. मी पदरानं वारा घेतेय, सलमान शेजारी, आणि समोर चांदण्या! रडूच आलं मला."

सलमान बाहेर पायरीवर मान खाली घालून बसला होता.

"दुकान कसलं रे तुझं?" मनवानं विचारलं.

"झेरॉक्सचं, ताई."

"मग भर दुपारी दुकान सोडून इथं कसा येतोस?"

"लाईट गेली की मशीन बंद. मग सरांकडे चक्कर. सर होते तेव्हापासून असंच."

"आणि कुलूप?"

"सरांच्या कामाला? हात झडतील माझे!"

आबासाहेब मनवाच्या कानाशी लागले. "मॅडम, मोबाईल जप्त करा. पोरगं आत आलं की चालतंय, दुसरं काय हाय ह्यात?"

"आबा, तो घरात येतो तेव्हा घरातून काय जातं, ते सांगा."

"काय जातंय? चप्पल बी जात न्हाई!"

मनवानं सलमानचा मोबाईल आबांच्या खिशात टाकला, त्याला पायरीवरच बसवलं आणि सगळ्यांना आत नेलं. पंखा गरगरत होता. तिनं आकाश सुरू केलं. खिडकी उघडली, मिटली.

मग तिनं भिंतीतून चार्जर उपसला आणि पुन्हा सुरू केलं.

प्रोग्रॅमनं शहाण्यासारखी तारीख विचारली.

"आयला!" आबा ओरडले.

"सुहासराव, तुम्ही बघता तेव्हा पंखा चालू असतो, म्हणजे लाईट असते आणि चार्जरही लावलेला," मनवा म्हणाली. "ताईंनी पाहिलं तेव्हा त्या पदरानं वारा घेत होत्या, म्हणजे लाईट नव्हती. सलमान येतो तोच मुळी लाईट गेल्यावर. त्याच्या येण्याशी आकाशाचा काही संबंध नाही. तुमचा लॅपटॉप विजेवर सुसाट पळतो, बॅटरीवर दम राखून चालतो. एवढंच आहे हे."

"पळाला तर चांगलंच की!"

"इथं नाही. सरांना चांदण्या एकेक करून उगवायला हव्या होत्या. यंत्रानं मध्ये किती थांबायचं, हे ठरवायला जुनी पास्कल सुरुवातीलाच त्याचा वेग मोजते. घड्याळाच्या एका ठोक्यात ते किती मोजतं, ते बघते. त्या काळी तो आकडा तिच्या मापट्यात मावायचा. आजचं यंत्र त्यात पोतंच ओततं! मग माप सांडतं आणि सगळा प्रोग्रॅम कोसळतो."

तिनं चार्जर पुन्हा लावला आणि डॉसबॉक्सचा वेग कमी केला. "आता सोंग नीट घ्यायला लावते."

खिडकी मिटली नाही. दमयंतीनं आजची तारीख टाकली.

पडदा हळूहळू काळवंडला. आधी स्वाती उजळली. मग चित्रा. मग मघा. वैशाखातल्या संध्याकाळी नदीवर उभं राहिलं की दिसतात, त्याच क्रमानं. केवढी नवलाई! तीस वर्षांपूर्वी एका मास्तरानं आजची संध्याकाळ लिहून ठेवली होती, आणि घाई करू नकोस, असं यंत्राला बजावलंही होतं. आबासाहेबांनी डोक्यावरची टोपी काढली.

सुहास उठला आणि दारात गेला.

"सलमान, आत ये. तुझ्याशिवाय चालतंय रे ते." त्यानं हात पुढे केला. "पण तुझ्याशिवाय बघवत नाही."