जिथं पाळणा उभा होता

अनुजा टेप धरून रस्त्याची रुंदी मोजत होती, आणि एक उंचापुरा मुलगा हातातल्या फोटोत डोकं खुपसून उलटा चालत आला तो थेट तिच्या टेपवरच उभा राहिला.

“ओ दादा, पाय!”

“सॉरी... एक सांगाल? इथून चिमणी देवळाच्या डावीकडे दिसते का?”

अनुजा आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढायची, त्यामुळे ती हसली नाही. फोटोच मागून घेतला. मुलगा घोडपदेवचाच, लिफ्ट दुरुस्त करणारा धनेश. फोटोत त्याचे धोंडूआजोबा आणि गुणवंतीआजी, लग्नाआधीचे, जत्रेतल्या मोठ्या पाळण्यासमोर. मागे गिरणीची चिमणी आणि देवळाचा कळस. जत्रा कधीच बंद पडली होती आणि मैदानावर इमारती आल्या होत्या. आजीही गेली. आता चाळ पाडणार म्हणून आजोबा महिन्याभरात कायमचे गावी निघाले होते. त्यांचं एकच मागणं होतं, की पाळणा होता त्या जागेवर मला एकदा उभं करा.

“साधारण जागा चालेल?”

“छे! म्हातारा म्हणतो, एक पाऊल इकडे-तिकडे नाही.”

हा माणूस अनुजाला तिथंच आवडला. तिनं मुकाट्यानं टेप गुंडाळली.

चार रविवार दोघं भटकले, भांडले, एकाच ग्लासातला चहा अर्धा-अर्धा प्याले. पण चिमणी देवळाच्या डावीकडे यायची ती फक्त रेल्वेच्या कुंपणापाशी, आणि तिथं जत्रा कसली, हातगाडीही मावली नसती. सोमवारी आजोबांची गाडी होती.

शेवटच्या रविवारी अनुजा बहिणीच्या साखरपुड्यातून तशीच साडीत आली. धनेश बघतच राहिला.

“आज... वेगळीच दिसतेस.”

“फोटो बघ. मला नंतर—” म्हणत तिनं घसरलेला पदर सावरला, आणि हात तिथंच थांबला. तिचा पदर डाव्या खांद्यावर होता. फोटोतल्या आजीचा उजव्या.

“धनेश, आजी गुजराती होत्या?”

“वेडी का? पक्की मालवणी!”

“मग फोटो उलटा छापलाय रे! फोटोवाल्यानं निगेटिव्हची काच उलटी लावली असणार. चिमणी उजवीकडे शोधायची!”

अर्ध्या तासात ते एका इमारतीच्या पार्किंगमध्ये पोचले. अनुजानं मोबाइलवर फोटो उलटवला. दोन पावलं मागे, एक बाजूला... आणि चिमणी, कळस, सगळं जागच्या जागी बसलं. पायाखाली नुसतं सिमेंट होतं, पण डोक्यावरच्या त्या मोकळ्या आभाळात कधीकाळी माणसं गरगरत, किंचाळत, हसत होती!

धनेश धावत जाऊन आजोबांना घेऊन आला. त्यांनी चपला काढल्या आणि मान वर केली. वॉचमन ओरडायला आला आणि तोही वर बघत उभा राहिला.

“हयच,” आजोबा पुटपुटले. “हयच गो बाय.”

“आजोबा, फोटोत पदर चुकीच्या खांद्यावर आहे, एवढ्या वर्षांत दिसलं नाही तुम्हाला?” अनुजानं विचारलं.

“पदर कित्या बघू? माझी नजर तिच्या तोंडार!”

अनुजा हसली. “आणि इथंच तुम्ही त्यांना विचारलंत ना?”

“मी खंय इचारलंय? माझी मेली हिंमत खंय! तिनाच माका इचारल्यान, बसतलास काय पाळण्यात माझ्यावांगडा?”

अनुजानं धनेशकडे पाहिलं. तो सिमेंटवरचा पार्किंगचा पट्टा न्याहाळत होता, कानापर्यंत लाल. उद्यापासून शोधायला काही उरलं नव्हतं. रविवार रिकामे... तिला ते मुळीच सोसणार नव्हतं.

“धनेश,” ती म्हणाली, “बसतोस माझ्याबरोबर? जन्मभर?”

धनेशनं झटकन मान वर केली.

“अरे, होय म्हण रे झिला!” आजोबा आभाळावरची नजर न काढता म्हणाले. “मी तरी दुसरा काय म्हटलंय?”