मूठभर कुळीथ

त्या वर्षी बोंडअळीनं बीटी कपाशीलाही सोडलं नाही. खामगावच्या जिनिंगच्या आवारात एरवी दिवाळीनंतर कापसाच्या गाड्यांना उभं राहायला जागा मिळायची नाही, तिथे चिमण्या नाचत होत्या. मालकांनी मग ती मोकळी शेड रक्तदान शिबिराला दिली. रक्तपेढीतली भार्गवी टेबलावर रक्तगट तपासायची पांढरी फरशी मांडून बसली होती. रांगेतून एक उंचापुरा माणूस पुढे आला, त्यानं बोट पुढे केलं आणि डोळे गच्च मिटून घेतले.

"अजून टोचलं नाही," भार्गवी म्हणाली.

"टोचलं की सांगा मॅडम... तवाच उघडतो."

ती हसली आणि हसता हसताच टोचून मोकळी झाली. बोट पुसायचा कापूस नेमका हाताशी नव्हता. त्यानं आपल्या बाहीला चिकटलेला पुंजका काढून तिच्यापुढे धरला. चांगल्या लांब धाग्याचा आहे, चालेल का, म्हणून विचारलं. तो त्याच जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवायचा. नाव आल्हाद, गाव रोहिणखेड. शाळामास्तर वडिलांनी हौसेनं ठेवलेलं नाव, एवढंही त्यानं न विचारता सांगून टाकलं.

भार्गवीनं एका थेंबात निळं औषध मिसळलं, दुसऱ्यात पिवळं. निळ्यातलं रक्त फाटलेल्या दुधासारखं दाणेदार झालं, पिवळ्यातलं तसंच राहिलं. उरलेल्या आरएचच्या थेंबातही तसेच दाणे पाहून ती म्हणाली, "ए पॉझिटिव्ह." आणि कशाला बोलली देव जाणे, पण बोलली, "माझाही तोच."

"म्हणजे आपलं जुळलं."

पहिल्याच भेटीत असं बोलावं का माणसानं? पण तिला राग आला नाही, हे खरं.

कापूसच नाही म्हटल्यावर आल्हादला वेळच वेळ होता. आपलं रक्त कुणाला दिलं, हे विचारायला म्हणून तो रक्तपेढीवर यायचा, आणि मग दोघं समोरच्या टपरीवर चहा प्यायची. थंडीचे दिवस. कपातून वाफ निघायची आणि वाफेआडून तो तिच्याकडे बघायचा. एकदा तिनं त्याला सांगितलं, की रक्तातल्या पेशींवर साखरेच्या बारीक साखळ्या असतात. 'ए'वाल्यांच्या साखळीच्या टोकाला एक साखर, 'बी'वाल्यांच्या टोकाला दुसरी, आणि 'ओ'वाल्यांना ती टोकाची साखर नसतेच. गटागटातला फरक म्हणतात तो एवढाच.

"तरीच मी गोड हाओ," तो म्हणाला.

"थट्टा नाही आल्हाद. त्या एका साखरेची चूक झाली ना... चुकीची पिशवी लागली, तर माणूस जातो."

तो तिच्या बोटांकडे बघत राहिला. दिवसभर ही बोटं हेच सांभाळतात, असं काहीतरी तो पुटपुटला. भार्गवीनं मान खाली घातली. हा माणूस आपल्याला आवडतो, हे तिनं त्या दिवशी स्वतःशी कबूल केलं.

गोष्ट घरापर्यंत गेली. भार्गवीचे वडील तहसीलमध्ये कारकून, त्यांची ना नव्हती. आल्हादची आई शालूबाई यांनाही मुलगी पसंत पडली. मास्तर गेल्यापासून त्यांचं सगळं जग म्हणजे हा एक मुलगा. तर हा मुलगा एका सकाळी रंगात येऊन आईला शिबिरातली गंमत सांगू लागला. दोघांचं रक्त एकच निघालं, हेही त्यानं मोठ्या कौतुकानं सांगितलं. शालूबाईंनी हातातली बशी खाली ठेवली. एका रक्ताची पोरगी या घरात येणार नाही, म्हणाल्या.

आपल्याकडे पुष्कळ घरांत ही समजूत आहे. गोत्र बघावं तसा रक्तगट बघतात, आणि एक निघाला की सोयरीक मोडतात.

"मायले दुखवून लग्न मी नाही करनार," आल्हाद टपरीवर तिला म्हणाला. "आन् तुह्याबिगर दुसरीसंग करनार नाही. आता तूच सांग."

ती काय सांगणार? पण तिला कॉलेजात शिकलेलं आठवलं. 'ए' गटाचे दोन प्रकार असतात आणि ते ओळखायला कुळीथ लागतो. कुळथाचं पाणी नीट बेतानं घातलं, की एका प्रकाराच्या गुठळ्या होतात, दुसऱ्याच्या होत नाहीत.

आता बीटी आल्यापासून धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, कुळीथ पेरतो कोण? आल्हाद गावोगाव हिंडला. शेवटी मामी बनाबाई यांच्याकडे राखेत ठेवलेलं बियाणं निघालं. रुमालात बांधलेली ती मूठ त्यानं भार्गवीच्या हातात दिली. रुमाल सोडताना दोघांची बोटं जराशी अडकली... आणि दोघांनीही घाई केली नाही.

तिच्या थेंबात गुठळ्या झाल्या. त्याच्या थेंबात झाल्या नाहीत.

"झालं मंग! येगळं हाये!"

"दोन्ही 'ए'च आहेत रे. या फरकानं लग्नाचं काही बिघडत नाही आणि काही सुधरतही नाही."

"तेवढं मायले काऊन सांगा लागते?"

भार्गवीनं विचार केला. खोटं तर काही बोलायचं नव्हतं. प्रेमात एवढी चलाखी माफ असावी, असं तिनं मनाला समजावलं.

रविवारी ती फरशी आणि बाटल्या घेऊन रोहिणखेडला गेली. शालूबाई अंगणात उन्हात बसल्या होत्या. भार्गवीनं कुळथाची पुडी काढली, तेवढ्यात त्याच बोलू लागल्या.

"मले दुष्ट समजू नोको पोरी. याच्या आंधी एक पोरगा झाला होता मले. हयदीवानी पिवया पडला. पाचवी पुजाच्या आंधीच गेला. डॉक्टर म्हने, रक्ताचा दोष. लोक म्हने, दोघाईचं रक्त एकच असन."

"म्हणजे कावीळ... तुमचं रक्त तपासलं होतं?"

"मले कोन तपासते?" त्यांनी बोट पुढे केलं. "तूच पाह्य."

भार्गवीनं थेंब घेतला. निळ्यात गुठळी नाही. पिवळ्यात नाही. म्हणजे 'ओ'. आणि आल्हाद 'ए'. मग ती 'ए'ची साखर मास्तरांकडूनच आलेली. दोघांचं रक्त वेगळं होतं, आणि वेगळं होतं म्हणूनच ते बाळ गेलं असावं.

तिचा हात थांबला. तुमचं एक होतं, आमचं वेगळं आहे, एवढं म्हटलं की आज सोयरिकीचं कुंकू लागणार होतं. आल्हाद खांबाला टेकून तिच्याकडे बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत तेवढंच एक मागणं होतं. पण समोर एक आई स्वतःचं बोट पुढे करून बसली होती. तिला फसवून या घरात यायचं भार्गवीच्यानं होईना. तिनं कुळथाची पुडी बांधली.

"आई, तुमचं दोघांचं रक्त एक नव्हतं. वेगळं होतं. बाळाच्या रक्तात मास्तरांची साखर होती, ती तुमच्या रक्ताला ओळखता आली नाही, ते तिच्यावर उलटलं. एका रक्ताच्या आईबापांना हा धोका नसतो. आम्हाला नाही."

शालूबाईंनी फरशीवरच्या आपल्या थेंबाकडे बघितलं.

"म्हंजे माह्याच रक्तानं..."

"हो," भार्गवी म्हणाली. तिला रडू फुटलं. "पण तुम्ही काही केलं नाही, आई."

आल्हादनं तोंड फिरवलं. आता सगळं संपलं, असं त्याला वाटलं. तिलाही तसंच वाटलं. ती बाटल्या पिशवीत भरू लागली.

"सासू म्हने, मी पांढऱ्या पायाची," शालूबाई हळूच बोलल्या. "कोनी म्हने नजर, कोनी म्हने करनी. येवढ्या वर्साईत समोर बसून नीट कोनी सांगतलं नाही." त्यांनी भार्गवीच्या हातातली पिशवी काढून बाजूला ठेवली. "हा आल्हादबी पिवया झाला होता. रोज सकायी कोवया उन्हात मांडीवर घेऊन बसत होती मी. वाचला. तुमचं लेकरू झालं की तसंच घेऊन बसीन मी."

त्याची गरज पडायची नाही, आमचं रक्त एकच आहे, हे भार्गवीच्या अगदी ओठावर आलं होतं. तिनं शालूबाईंचा हात हातात घेतला.

"बसा आई," ती म्हणाली. "रोज बसा."