तेवीस पेशंट कुठे गेले?

"तेवीस पेशंट गायब आहेत," मामी फोनवर म्हणाली. "आत्ताच्या आत्ता ये."

भाची धावतच दवाखान्यात पोचली. मामीच्या या दातांच्या दवाखान्यासाठी वेब ॲप तिनेच बनवलं होतं, नव्या पद्धतीचा डेटाबेस शिकता शिकता. ना तक्ते, ना ठरलेले रकाने. एका पेशंटची सगळी माहिती एका कागदावर असावी तशी एकत्र. तीन आठवडे त्या डेटाबेसनं तिचं डोकं पिकवलं होतं. आणि आता हे.

"कुणाला कोणतं औषध चालत नाही, तेही गेलं," मामी म्हणाली. "कॉम्प्युटरला हात फक्त कंपाउंडरकाका लावतात. संध्याकाळपर्यंत उलगडा झाला नाही, तर उद्यापासून त्यांनी येऊ नये."

काकांची वीस वर्षांची नोकरी. ते मान खाली घालून उभे होते.

"काका, काही पुसलंत का?"

"नाही गं. पुसायचं बटण तू दिलंयस कुठे?"

खरंच दिलं नव्हतं.

"मग केलंत काय?"

"काल काहींचे फोन नंबर बदललेत. बस्स."

"किती जणांचे?"

"वीसेक असतील."

तिने नोंदी मोजल्या. चारशे बारा. परवाही तेवढ्याच होत्या. पेशंट गेले, मग आकडा कसा घटला नाही? दोन तास तिने कोडशी झटापट केली. कीबोर्ड भिंतीवर आपटावासा वाटत होता.

शेवटी तिने एक खोटा पेशंट बनवला. नाव, वय, न चालणारं औषध, सगळं भरलं.

"काका, याचा नंबर बदला."

काकांनी एका बोटाने नंबर टाइप करून 'सेव्ह' दाबलं. पेशंट यादीतून गेला. तिने मूळ नोंद उघडली. आत फक्त नंबर होता.

"सापडला चोर?" मामीने विचारलं.

"सापडला. मीच."

"म्हणजे?"

"जुन्या पद्धतीच्या डेटाबेसमध्ये एक रकाना बदल म्हटलं की तेवढाच बदलायचा. त्याच सवयीनं मी इथे चुकीचा हुकूम लिहिला. तेवढा भाग बदलायच्या ऐवजी तो हुकूम अख्खा कागद फाडून नवा ठेवतो. काकांनी नंबर दिला, नव्या कागदावर नंबरच उरला. नाव नाही म्हणून यादीत दिसत नाही, पण कागद आहे म्हणून आकडा तोच. परवाची प्रत आहे माझ्याकडे, माहिती परत येईल. आपण चोर सोडून संन्याशाला फाशी देत होतो, मामी."

मामी काकांकडे वळली. "माझं चुकलं, काका."

"तिने निदान मला विचारलं, मॅडम," काका म्हणाले. "तुम्ही विचारलंही नाहीत."

त्यांनी डबा उचलला आणि वीस वर्षांत पहिल्यांदाच वेळेआधी घरी निघाले. उद्या येणार का, हे विचारायची दोघींचीही हिंमत झाली नाही.