मिठाची गुळणी

डेल्फ्ट शहरात सायकल चालवताना बोलायला बंदी होऊन चार वर्षं झाली होती आणि डच लोकांचं त्यामुळे काही अडलं नव्हतं. ते आधीही फारसं बोलत नसत. पंचाईत झाली ती पर्यटकांची, आणि त्यांतही मराठी पर्यटकांची. त्यांच्यासाठी चौकात, सायकली वाटण्याआधी, एक निराळा विधी होत असे. मार्गदर्शक डॉ. केतकी वालावलकर हातात जग घेऊन रांगेपुढून जात आणि प्रत्येकाच्या पेल्यात मिठाचं पाणी ओतत.

"हे प्यायचं नाही," त्या सांगत. "तोंडात धरायचं. गल्ली संपली की जाळी आहे, तिथं थुंकायचं. कालव्यात थुंकलात तर दंड आहे."

"म्हणजे मिठाची गुळणी?" पुण्याच्या एका गृहस्थांनी विचारलं.

"अगदी तीच."

"पण मीठच का? साधं पाणी नाही चालणार?"

"साधं पाणी लोक गिळतात आणि बोलायला लागतात."

गृहस्थांना हे पटलं. तरी त्यांनी आणखी दोन शंका विचारल्या आणि मगच पेला तोंडाला लावला.

केतकीबाई मूळच्या वेंगुर्ल्याच्या आणि शिक्षणानं पदार्थवैज्ञानिक. संशोधनाचं अनुदान आटलं, तेव्हा त्यांच्या संस्थेनं त्यांच्याच शोधाच्या सहली काढल्या आणि त्यांना पिवळी टोपी दिली. शोधाचं नाव त्यांनी ठेवलं होतं 'ध्वनिसाय'. दूध निवल्यावर त्यावर साय धरते, तशी या शहराच्या विटांच्या रस्त्यांवर एक अतिशय पातळ साय धरलेली आहे. शेकडो वर्षांचं धुकं, चुलींचा धूर, कालव्यांची ओल आणि समुद्रावरून येणारा खारा वारा यांतून ती तयार झाली. ती डोळ्यांना दिसत नाही. चाकाचा दाब पडला की क्षणभर मऊ होते आणि त्या क्षणी हवेत जो आवाज असेल, त्याचे तरंग घेऊन पुन्हा घट्ट होते. ग्रामोफोनची तबकडी आठवावी. फरक एवढाच, की इथं तबकडी जागेवर असते आणि सुई सायकलवर बसून फिरते.

सहलीच्या सायकलीला पुढे एक दिवा होता. त्याच्या उबेनं समोरच्या चार-सहा हातांवरची साय मऊ होई, मग पुढचं चाक तिच्यावरून जाऊन तरंग वाची आणि स्वाराच्या कानातल्या बोंडात ते ऐकू येत. अडचण एकच होती. मऊ झालेली साय कान उघडे ठेवून असते. भोवती शांतता असेल, तर जुनाच आवाज परत घट्ट होतो. कुणी शिंकलं, तर जुना आवाज जातो आणि शिंक राहते.

ही अडचण कळेपर्यंत पहिली दोन वर्षं निघून गेली. जुन्या काळातले व्यापारी, चित्रकार, पाद्री ऐकायला जगभरचे लोक आले आणि 'वा, काय सुंदर!' असं म्हणत सगळ्या मुख्य रस्त्यांवरून फिरले. आता त्या रस्त्यांवर 'वा, काय सुंदर!' एवढंच ऐकू येतं. ते अनेक भाषांत येतं. त्याच्या खालोखाल आढळणारं वाक्य म्हणजे 'शौचालय कुठे आहे?' इतिहास टिकला तो फक्त कुणाला कधी जावंसं न वाटलेल्या गल्ल्यांत.

त्यांतल्या एका गल्लीसाठी मिरजेहून मुकुंद टिपणीस आले होते.

टिपणीस पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, उंच, नीटनेटके आणि कमी बोलणारे. सात वर्षांपूर्वी ते पत्नीबरोबर, वैजयंतीबाईंबरोबर, याच शहरात सायकलच्या सहलीला आले होते. तेव्हा ध्वनिसायीचा शोध लागायचा होता. ज्या कालव्याकाठच्या गल्लीतून त्यांचा गट गेला, ती त्याच आठवड्यात काठाची भिंत खचल्यामुळे बंद झाली. नगरपालिकेनं विटांवर फळ्या टाकल्या आणि दुरुस्ती सुरू केली. ती अजून चालू होती. आपल्याकडच्या वाचकांना यात नवल वाटायचं कारण नाही, पण डच लोकांना फार वाटलं. आता मात्र भिंत झाली होती, फळ्या निघाल्या होत्या, आणि दुसऱ्या दिवशी गल्ली रहदारीला खुली होणार होती. त्यानंतर तिथं सायकलींच्या घंटा वाजणार होत्या.

पुण्याचा गट गुळण्या टाकून जेवायला गेल्यावर केतकीबाई आणि टिपणीस दोघेच त्या गल्लीच्या तोंडाशी आले.

"काका, एकदा नीट समजून घ्या," केतकीबाई म्हणाल्या. "साय मऊ न करता, वरवर उजेड टाकून आम्ही पाहिलंय. शब्द कळत नाहीत, पण चढउतार दिसतात. मधल्या पुलाच्या जरा अलीकडे बाईचा आवाज आहे. आधी एक छोटी हाक. मग थोडी जागा रिकामी. मग एक लांब वाक्य."

"लांब म्हणजे केवढं?"

"पाच-सहा विटा तरी."

टिपणिसांनी विटांकडे पाहिलं. "आम्ही तिघांच्या गटात होतो. मार्गदर्शक सर्वांत पुढे, मग मी, मागं वैजयंती. तिनं 'अहो' केलं."

"मग?"

"मग काय? मी पुढं होतो."

"थांबला नाहीत?"

"गट पुढं जात होता." त्यांनी चष्मा पुसला. "रात्री हॉटेलात विचारलं, काय म्हणत होतीस? म्हणाली, काही नाही."

टिपणीस पुढे म्हणाले, "तीन वर्षांनी ती गेली. हृदयाचं होतं. डॉक्टर म्हणाले, हे बरंच जुनं दुखणं आहे, आधी कधी दम लागतो, छातीत भरून येतं, असं म्हणाल्या नव्हत्या का? मी म्हटलं, नाही. ती कधी बोलली नाही."

"काका, काहीही असेल हो ते. कालव्यात बदक असेल. 'ते बदक बघा' म्हणाल्या असतील."

"बदकाला पाच-सहा विटा लागतात?"

केतकीबाईंनी बोटांवर विटा मोजून पाहिल्या.

"तुम्ही आधी ध्वनिमुद्रण करून का नाही घेत?" टिपणिसांनी विचारलं. "एकदा नीट उतरवून घेतलं, की कितीदाही ऐकता येईल."

"कायदा आड येतो. इथं मेलेल्या माणसाचा आवाज त्याच्या संमतीवाचून साठवता येत नाही. जवळच्या नातेवाइकानं जागेवर ऐकायला हरकत नाही. मीसुद्धा ऐकायचं नाही."

"आणि संमती?"

"ती त्यांनीच द्यायला हवी."

"मेल्यावर?"

"मेल्यावर देता येत नाही, म्हणून तर आवाज साठवता येत नाही. कायदा पक्का आहे." केतकीबाईंनी सायकल त्यांच्यापुढे उभी केली. "न ऐकताही परत जाता येईल, काका. उद्या गल्ली खुली होईल आणि प्रश्न मिटेल. बरेच लोक तसं करतात."

"आणि मग मी आयुष्यभर बदक बदक करत बसू?" टिपणिसांनी हँडल धरलं. "नाही. दम लागतो म्हणाली असेल, तर तेही ऐकू दे. निदान एकदा तरी."

केतकीबाईंनी पेल्यात मिठाचं पाणी ओतलं आणि पुढे केलं. टिपणीस प्रथमच हसले.

"मला हे कशाला?"

"सगळ्यांनाच देतो आम्ही."

"बाई, बत्तीस वर्षं संसार केला. तिनं दिवसातून शंभरदा 'अहो' म्हणायचं आणि मी पेपर वाचायचा. पहिल्या हाकेला कधी ओ दिली नाही, दुसऱ्या नाही, तिसऱ्या नाही. चौथ्या हाकेला म्हणायचो, 'ऐकू येतंय मला.' आमच्या शेजारच्या शिंत्रेवहिनी म्हणायच्या, भिंतीतून आम्हालाच राहवत नाही, आम्हीच ओ देऊ का? गप्प बसायची परीक्षा असती, तर मी जिल्ह्यात पहिला आलो असतो. गुळणी त्या पुणेकरांना द्या."

"काका, नियम आहे. धरा ना."

"खारट पाणी तोंडात घेऊन बायकोचं बोलणं ऐकू?"

हे ऐकून केतकीबाईंचा हात मागं आला. पुढं त्यांनी या क्षणाबद्दल स्वतःला बरंच काही सुनावलं. पण त्या वेळी त्यांना वाटलं, माणूस म्हणतोय ते खरं आहे. अनुभवाच्या जोरावर काढलेला निष्कर्ष होता. विज्ञानातही यापेक्षा फार वेगळं काही करत नाहीत.

टिपणिसांनी बोंड कानात बसवलं आणि पेडल मारलं.

गल्ली अरुंद होती. एका हाताला काळं पाणी, दुसऱ्या हाताला उंच खिडक्यांची घरं. चाक विटांवर बारीक थरथरत होतं आणि कानात जुना आवाज उलगडत होता. आधी मार्गदर्शकाचं इंग्रजी, डावीकडं बघा, इथं पूर्वी दारू गाळत. मग त्यांचं स्वतःचं खोकणं. सात वर्षांपूर्वीचा खोकला त्यांनी ओळखला. मग नुसता चाकांचा आवाज. पूल जवळ आला.

"अहो..."

किंचित वर चढलेला, शेवटी जरा ओढलेला. पहिल्या हाकेचा आवाज होता तो. दुसऱ्या हाकेत ओढ जास्त असे आणि तिसरीत धार. घरातून हे तिन्ही आवाज गेल्याला चार वर्षं झाली होती. चार वर्षांत त्यांना कुणी 'अहो' म्हटलं नव्हतं. टिपणीस म्हणत, काका म्हणत, आजोबा म्हणत, साहेब म्हणत.

"काय गं?" टिपणीस म्हणाले.

मोठ्यानं म्हणाले. मान मागं वळवून म्हणाले.

मागं कुणी नव्हतं. लांबवर पिवळी टोपी दिसत होती आणि केतकीबाईंनी दोन्ही हात तोंडावर धरले होते. सायकल मात्र पुढं जात राहिली, कारण चाकाला थांबायला कुणी सांगितलं नव्हतं. दिव्यानं पुढच्या विटा आधीच मऊ केल्या होत्या. त्या विटांनी उघड्या कानांनी जे ऐकायचं ते ऐकलं होतं. पुढच्याच क्षणी टिपणिसांच्या कानात तो आवाज आला. खणखणीत, ताजा, पुरुषी.

"काय गं?"

आणि मग पूल.

ते उतरले. सायकल हातात धरून उभे राहिले. केतकीबाई धावत आल्या.

"पुन्हा जाऊन बघू?" टिपणिसांनी विचारलं. "मागं कुठं थोडं राहिलं असेल."

"काका..."

"एखादा शब्द. क्रियापद तरी."

"जा ना. जाऊन या," केतकीबाई म्हणाल्या, कारण दुसरं काय म्हणणार?

या वेळी टिपणिसांनी गुळणी धरली. चांगली गालभर धरली. गल्लीच्या तोंडाशी जाऊन परत आले. खोकला आला, चाकं आली, "अहो" आलं, जरा फिकं झालेलं, आणि लगेच त्यावर "काय गं?" आलं. जाळीपाशी ते वाकून थुंकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"फार बोलतो मी," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गल्ली खुली झाली नाही. संस्थेच्या तपासणीत तिथं एक अपूर्व गोष्ट आढळली होती. बाईची हाक आणि पुरुषाचं उत्तर, शेजारशेजारच्या विटांवर, मधे सात वर्षांचं अंतर आणि एक मृत्यू. असं उभ्या शहरात कुठं नव्हतं. नगरपालिकेनं गल्ली रहदारीतून काढून सहलींना दिली. कायद्याचा प्रश्न निघाला. पुरुष जिवंत होता. त्याची संमती मागितली, त्यानं उत्तर पाठवलं नाही, आणि ठरलेल्या मुदतीत उत्तर न आल्यास संमती धरावी असा नियम होता. बाईबद्दल विधिकार्यालयानं निकाल दिला, की 'अहो' या शब्दात कुणाचंही नाव नाही, तो कुणालाही उद्देशून असू शकतो, सबब त्यात खासगी असं काही नाही.

वैजयंतीबाईंनी बत्तीस वर्षांत नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. ते असं उपयोगी पडलं.

पुढच्या उन्हाळ्यात शिंत्रेवहिनी युरोपला जाऊन आल्या. आल्या आल्या टिपणिसांच्या दारात चॉकलेटचा डबा घेऊन उभ्या राहिल्या.

"काका, ऐकलं हो आम्ही! गुळणी धरून ऐकलं, तरी डोळ्यांत पाणी आलं. पहिल्या हाकेला! तिथं पाटी लावलीय. सगळ्या बायका नवऱ्यांना कोपरानं ढोसतात, बघा, शिका काहीतरी. आणि मी मेली तुम्हाला उगीच बोलायचे, की ओ देत नाही म्हणून. ती बत्तीस वर्षं आम्हाला भिंतीतून नीट ऐकू येत नसणार."

टिपणिसांनी डबा घेतला.

त्या घरी गेल्या. टिपणिसांनी पेपर उघडला. थोड्या वेळानं भिंतीपलीकडून शिंत्रेवहिनींची हाक आली, त्यांच्या स्वतःच्या नवऱ्याला.

"अहो..."

"काय गं?" टिपणीस म्हणाले. पेपर बाजूला ठेवून, उठून, भिंतीशी जाऊन म्हणाले.

भिंतीपलीकडे एकदम सगळं थांबलं.

"काही नाही," शिंत्रेवहिनी म्हणाल्या.