डावीकडचा ब्रेक

लर्निंग लायसन निघालं म्हणून लय उडू नको बे गोलू. बस इथं, मोबाइल ठेव खाली. आमच्या चंद्रभानचं सांगतो. खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या क्वार्टरात राहते तो. त्याच्याच तोंडून ऐकलं, अन् तो काही थापा मारणारा माणूस नाही.

त्याच्या बायकोच्या, गोपिकाच्या, दोन्ही किडन्या गेलेल्या. आठवड्यातून तीनदा नागपूरले न्या, मशीनवर लावा, वापस आणा. चंद्रभानच गाडी चालवत होता. पण गेल्या दिवाळीपासून डोळे दगा देऊन राहिले. दिवे लागले की त्याले समोरचं काही दिसत नाही. पोरगी एकच, भूमिका, नुकती अठराची झालेली. तिच्या हाती गाडी देण्याबिगर इलाज नव्हता.

त्यानं गाडी बदलली. मोटर ट्रेनिंगवाल्याची जुनी घेतली, कारण तिच्यात शिकवणाऱ्यासाठी डावीकडंही ब्रेक असते. विकणाऱ्यानं लपवलं नाही. म्हणे, "आमचे ढेरपोटे अनंत मास्तर याच डाव्या सीटवर गेले, भाऊ. पट्टा लावल्याबिगर गाडी हलू देत नव्हते. शिकवता शिकवता छातीत कळ आली. पण आधी गाडी थांबवली, मंग मान टाकली. शिकणाऱ्या पोराले खरचटलं बी नाही."

चंद्रभान म्हणाला, "मेलेल्याले काय भ्यायचं? मले जित्याची काळजी आहे."

रोज सकाळी शिकवणी. पोरीनं क्लच सोडला की गाडी उडी मारे, अन् हा घाबरून डावा ब्रेक दाबे. एक दिवस ती रडायलेच लागली.

"बाबा, तुम्हाले धड दिसत नाही अन् ब्रेक तुम्हीच मारता! मी शिकू कशी?"

झोंबलं त्याले. दुसऱ्याच दिवशी मिस्त्रीकडून डावा ब्रेक कापूनच टाकला. आता तूच सांग, कापावं काहून? पण बापाचं मन!

संक्रांतीची आदली रात्र. दोन वाजून गेलेले. गोपिकाले श्वासच घेता येईना. ॲम्ब्युलन्सवाला म्हणे, तास लागेल. गाडी चालवणारा शेजारी गावाले गेलेला. चंद्रभान पोरीसमोर उभा राहिला अन् हात जोडले. बापानं पोरीले हात जोडले रे!

"तूच ने बेटा. तुही माय चालली वं..."

बायकोचं डोकं मांडीवर घेऊन तो मागं बसला. पुढची डावी सीट रिकामी. बाहेर धुकं, त्यात राखेची धूळ. भूमिका काचेकडं वाकून चालवत होती.

"बाबा, काहीच दिसून नाही राहिलं."

"थांबू नको."

गोपिकाची घरघर चालली होती. मंग तीही कमी झाली.

"पळव वं! पळव!"

तिनं पळवली.

अन् मंग...

गाडी कचकन थांबली.

समोर राखेचा ट्रक. बंद पडलेला. एक दिवा नाही. बोनेटपासून हातभर दूर.



"बाबा... मले ट्रक दिसलाच नव्हता. माहा पाय तं रेसवरच होता." ती म्हणाली. "ब्रेक... तुम्ही मारला?"

"मी तं मागं आहे, बेटा."

...

पोचले ते. गोपिकाले मशीनवर लावलं. डॉक्टर म्हणे, अजून थोडा उशीर झाला असता तं हाती काही राहिलं नसतं.

उजाडल्यावर चंद्रभान गाडीपाशी आला. उजेडात त्याले थोडंबहुत दिसते. डावं दार उघडलं. खाली कापलेल्या ब्रेकचा खुंट तसाच.

पण पट्टा लावलेला होता.

रिकाम्या सीटचा. बक्कल पक्कं अडकलेलं. अन् तो पट्टा सीटले टेकलेला नव्हता, गोलू. ढेरीवरून घेतल्यासारखा समोर फुगलेला. ताठ. मधात कोणी नाही.

हात घालून पाहायची हिंमत झाली नाही त्याची. हात जोडले, अन् दार हळूच लावलं.

दुपारी घरी निघताना भूमिका म्हणाली, "बाबा, पुढं या ना."

तो मागंच बसला. अजूनही मागंच बसते.