लायसन्सवर फोटो नसतो

"भिंगरे, रागावलेला हात विमानाला कळतो. आधी राग खाली ठेव, मग वर जा."

बाबा मला भिंगरी म्हणायचे. त्यांचा हा आवाज मी आठ वर्षांची असताना ऐकला. इंजिनाखालून आलेला, तेलकट, हसरा आवाज. बाबा विमानांचे मेकॅनिक. जन्मभर दुसऱ्यांची विमानं वर धाडली आणि स्वतः खालीच राहिले. आता ते नाहीत. मी उडवते, आणि प्रत्येक वेळी तो आवाज आठवतो. पण राग ठेवायचा तरी कुठे? ठेवायच्या जागी, नेमका फाटकावर, तो बसलेला असायचा.

तो म्हणजे 'कुंपण'. आमच्या छोट्याशा विमानतळाचा सुरक्षारक्षक. हे नाव हँगरमधल्या मंडळींनी ठेवलेलं, आणि ते त्याला शोभायचं.

पहिल्या दिवशी वारा इतका सुटला होता की माझे कागद हातातून निसटले. एक उडाला तो थेट त्याच्या खिडकीच्या काचेला चिकटला. त्याने तो अलगद सोडवला, पुढून वाचला, मागून वाचला.

"फोटो?"

"लायसन्स आहे ते. पायलटच्या लायसन्सवर फोटो नसतो. सगळ्यांना माहीत आहे."

"म्हणूनच सोबत सरकारी फोटो ओळखपत्र लागतं. तेही सगळ्यांना माहीत आहे."

मग त्याने डोळे वर केले. काळे, संथ… आणि चीड यावी इतके देखणे.

त्या दिवसापासून दोन वर्षं हेच. मी यायचे, तो ओळखपत्र मागायचा. फोटो बघायचा, मला बघायचा, पुन्हा फोटो बघायचा.

"काल पाहिलंत, परवा पाहिलंत. अजून ओळखत नाही मला?"

"ड्युटीवर नाही ओळखत, मॅडम."

"रात्रीतून नाक बदललं असेल माझं."

"फोटोत राग कमी आहे," तो गंभीरपणे म्हणायचा, "बाकी जुळतंय."

परतताना आणखी वैताग. उतरले, विमान बांधलं, बाहेर पडायला फाटकाशी आले, की या गृहस्थाने नेमका तेव्हाच डबा उघडलेला. पहिला घास हातात. मग तो हात धुणार, पुसणार, तेव्हा कुठे रजिस्टर पुढे सरकवणार. मी नऊला उतरो की अकराला, याची भूक माझ्याच वेळेला जागी व्हायची.

आणि मग तो गुरुवार उजाडला.

दर दोन वर्षांनी आम्हाला परीक्षकाला शेजारी बसवून उड्डाण करून दाखवावं लागतं. माझी मुदत त्याच दिवशी संपत होती. परीक्षक परगावचे, उड्डाणासाठी साडेअकरापर्यंतच वाट बघणार होते. उड्डाण चुकलं तर काही महिने सगळं बंद. आणि रविवारी आई माझ्याबरोबर वर यायला तयार झाली होती. बाबा गेल्यापासून तिने विमानतळाकडे मान वळवली नव्हती. आता 'हो' म्हणाली होती. ते 'हो' तेवढे महिने टिकेल, याची मला खात्री नव्हती.

साडेदहाला मी फाटकावर. लायसन्स काढलं. ओळखपत्र… पाकिटात नाही. खिशात नाही. पिशवी बाकावर उपडी केली. त्यातून ओळखपत्राची झेरॉक्स निघाली, कोरी करकरीत. सकाळीच काढलेली.

"मूळ ओळखपत्र झेरॉक्सच्या दुकानात राहिलं, मशीनच्या झाकणाखाली," मी म्हणाले.

"झेरॉक्स चालत नाही," तो म्हणाला.

"दोन वर्षं बघताय मला."

"हो."

"मी कोण आहे?"

त्याने झेरॉक्स माझ्याकडे परत सरकवली.

"बोला ना. मी कोण आहे ते तुम्हाला माहीत नाही?"

"मला काय माहीत आहे, त्यावर फाटक उघडत नाही, मॅडम."

"तुम्ही माणूस आहात की खरंच कुंपण?" माझा आवाज चिरकला. "आतमध्ये परीक्षक वाट बघतायत. माझी आई वाट बघतेय. आणि तुम्ही… तुम्ही नियम पाठ म्हणून दाखवताय."

त्याचे कान लाल झाले. पण हात फाटकाकडे गेला नाही. त्याने मागे वळून दुपारपाळीच्या काकांना हाक मारली. ते लवकर येऊन वर्तमानपत्र वाचत बसले होते. "काका, अर्धा तास बसता?" मग मला विचारलं, "दुकान कोणतं?"

"पोस्टाच्या समोरचं. पण मी स्वतः…"

"तुम्ही या रागात गाडी चालवू नका."

तो मोटरसायकलवरून गेला. मी बाकावर धुमसत बसले.

काका खिडकीतून म्हणाले, "त्याच्यावर एवढं तोंड टाकू नकोस, बाई. चार वर्षांपूर्वी त्याच्या सख्ख्या भावाला त्याने न तपासता आत सोडलं. भाऊच तो, त्याला काय तपासायचं? भावाचं लायसन्स नजरेच्या दोषामुळे रोखलेलं होतं. घरात कुणाला सांगितलं नव्हतं त्याने. विमान घेऊन वर गेला आणि शेतात कोसळला. जगला, पण एक पाय गेला."

माझा राग विझला नाही, पण त्याचं तोंड कुणाकडे करावं ते कळेना.

अकरा वाजून दहा मिनिटांनी तो परतला. धुळीने माखलेला. ओळखपत्र माझ्या हातात ठेवलं. मी धावतच फाटकाकडे निघाले, तेवढ्यात तो खिडकीमागे गेला, टोपी घातली, आणि…

"ओळखपत्र दाखवा, मॅडम."

"तुम्हीच तर आणलंत आत्ता."

"आणलं. तपासलं नाही."

मला त्याची टोपी फेकून द्यावीशी वाटली. मी ओळखपत्र काचेवर आपटलं. त्याने फोटो पाहिला, मला पाहिलं.

"आज अजिबात जुळत नाही," तो हळूच म्हणाला. "जरा हसा."

आणि, माझं मेलं तोंड, हसलं.

राग तिथेच खिडकीवर राहिला असावा, कारण वर गेल्यावर हात हलके होते. खाली वाऱ्याची दिशा दाखवणारी नारिंगी वातपिशवी डुलत होती. फाटक काडेपेटीएवढं, आणि त्याच्याजवळ एक ठिपका. तासाभराने मी उतरले. परीक्षकांनी सही केली, म्हणाले, "हात शांत आहे तुमचा."

फाटकावर काका होते. रजिस्टर पुढे करत म्हणाले, "त्याची ड्युटी बाराला संपली. गेला नाही अजून."

तो बाहेर बाकावर बसला होता. टोपी मांडीवर, डबा शेजारी. झाकण नुकतंच उघडलेलं.

"पास झाले," मी म्हणाले. "रविवारी आईला आणतेय. तिचंही ओळखपत्र घेऊन."

"आणा."

"घरी का नाही गेलात? एक वाजून गेला. माझ्या धावपळीत उपाशी राहिलात, असं ऐकवायला थांबलात?"

"नाही."

"मग?"

त्याने डबा बाजूला ठेवला.

"आता ड्युटीवर नाही मी," तो म्हणाला. "म्हणून सांगतो. फोटो बघायला लागत नाही मला… तुमचं इंजिन उतरताना तिसऱ्या वळणावर जरा खोकतं, तेही मी ओळखतो. दोन वर्षं झाली, तुम्ही वर असता तोवर माझ्या घशाखाली घास उतरत नाही."